परवडणारा पहिला डीएसएलआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: ‘कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?’ बजेट बहुधा वीस ते पन्नास हजारांच्या मधलं असतं आणि दुकानदाराने कानात काहीतरी सांगून ठेवलेलं असतं. त्या फोनवर येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळे मिररलेसकडे चाललेत. आता डीएसएलआर घ्यावा का?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून येणारा प्रकाश आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत जातो, मिररलेसमध्ये तो आरसाच नसतो. शिकायला घेत असाल आणि पैसे मोजके असतील, तर खुशाल घ्या. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवीन डीएसएलआर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणलेली नाही. नवं संशोधन, नव्या लेन्स, सगळं मिररलेसमध्ये चाललं आहे. धंदेवाईक फोटोग्राफर तिकडे वळले, म्हणून त्यांच्या जुन्या बॉडी आणि लेन्स बाजारात आल्या आणि भाव उतरले. नवशिक्याचा फायदा नेमका इथेच आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडतं), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं), आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) यांचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे, आणि २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (लहान आकाराचा) सेन्सर २०१८ साली जसे फोटो द्यायचा तसेच आजही देतो.

ज्यांना व्यवसायच करायचा आहे आणि पुढची दहा वर्षं त्याच माउंटवर (लेन्स बसते त्या जोडणीवर) पैसे घालायचे आहेत, त्यांनी मात्र थोडं थांबून, पैसे साठवून मिररलेस घ्यावा. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडाप्टर लावून त्यांच्या मिररलेस आर मालिकेवर व्यवस्थित चालतात, त्यामुळे आज घेतलेली चांगली लेन्स वाया जात नाही. निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडाप्टरही आहे, पण ज्यांत स्वतःची फोकस मोटर नसते अशा जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही.

माझा फोन चांगला आहे. मग वेगळा कॅमेरा कशाला?

फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर खरंच नको. फोन घेऊन घरच्या गणपतीची आरती टिपायला गेलात तर तो चार फ्रेम एकत्र करून एक ‘छान’ फोटो बनवून देतो. हलणारे हात पुसट होतात आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत. डीएसएलआरमध्ये काय हलू द्यायचं, काय गोठवायचं, हे तुम्ही ठरवता. ते ठरवायची हौस नसेल तर कॅमेरा कपाटात पडून राहतो, हेही तितकंच खरं.

नव्यामध्ये कुठलं मॉडेल बघू?

नवा, सीलपॅक डीएसएलआर म्हटलं की दुकानात बहुतेक कॅननच दाखवतात. तीन नावं कानावर येतील.

ईओएस ३०००डी सगळ्यांत स्वस्त, आणि माझं मत विचाराल तर घेऊ नये. १८ मेगापिक्सेल हा त्याचा दोष नाही. लेन्स जिथे बसते तो माउंट प्लास्टिकचा आहे. वेगळा ऑन-ऑफचा खटका नाही, मोडची चकती फिरवूनच कॅमेरा बंद करावा लागतो. आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची छोटी चकती, म्हणजे डायऑप्टर, कंपनीने काढूनच टाकली आहे. चष्मा लावणाऱ्याने हा कॅमेरा एकदा डोळ्याला लावून बघावा, पुढे काही सांगावं लागणार नाही.

ईओएस १५००डी, २४.१ मेगापिक्सेल, हा खरा पहिला कॅमेरा. धातूचा माउंट, डायऑप्टर आहे, वाय-फाय आहे. फोकस पॉइंट नऊच, त्यातला मधला एकच भरवशाचा, म्हणून सवय लावून घ्या: मधल्या पॉइंटने फोकस पकडायचा, बटण अर्धं दाबून धरायचं, फ्रेम सरकवायची, मग क्लिक. स्क्रीनकडे बघत फोटो काढायला गेलात तर फोकस रेंगाळतो. हा कॅमेरा डोळ्याला लावून वापरायचा आहे.

ईओएस २००डी मार्क २ हा २०१९चा. फिरणारी टचस्क्रीन, स्क्रीनवरही झटपट फोकस, माइकची जागा, वजन बॅटरीसकट साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. पैशांची ओढाताण न होता घेता येत असेल तर हाच घ्या. मात्र त्याच्या फ्लॅशच्या पट्टीवर मधली पिन नाही, त्यामुळे साधे, फक्त मधल्या पिनवर चालणारे फ्लॅश आणि स्टुडिओचे ट्रिगर त्यावर उडत नाहीत. कॅननच्या अलीकडच्या इतर स्वस्त बॉडींतही हे आढळतं. मित्राचा जुना फ्लॅश वापरायचा विचार असेल तर आधी दुकानात लावून बघा.

निकॉनचा डी३५०० नवशिक्यांसाठी फार सुरेख कॅमेरा होता, एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीनुसार १,५५० फोटो. आता तो बनत नाही. चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड मिळाला तर सोडू नका.

बजेट ३०,००० आहे, एक रुपयाही जास्त नाही. काय करू?

तीस हजारांत नवी स्वस्त बॉडी शोधत बसू नका. सेकंडहँड बघा, आणि पैशांची वाटणी उलटी करा: बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त. जुना पण एक पायरी वरचा कॅमेरा, म्हणजे कॅननचा ७०डी किंवा निकॉनचा डी७१००, डी७२०० मिळाला तर त्याची पकड, दोन चकत्या आणि मोठा व्ह्यूफाइंडर हातात घेतल्यावर १५००डी खेळणं वाटतो. निकॉनच्या डी७००० मालिकेत फोकसची मोटर बॉडीतच असते, त्यामुळे स्वस्त मिळणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सही त्यावर ऑटोफोकस करतात. डी३५०० किंवा डी५६००वर त्याच लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. ‘निकॉनची लेन्स आहे, बसेल’ असं विक्रेता म्हणाला तर बसेल हे खरं, फोकस होईल का ते विचारा.

याच्या उलटही घडतं. निकॉनच्या नव्या एएफ-पी किट (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या) लेन्स डी३१०० किंवा डी९० सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेताना हे पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका.

किट लेन्स पुरेल का? की दोन लेन्सचा कॉम्बो घेऊ?

१८-५५ एमएमची (आकडा मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) किट लेन्स उगाच बदनाम आहे. दिवसाउजेडी ती उत्तम चालते. कॅननची २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, म्हणजे कासच्या पठारावर फुलांसाठी वेगळी लेन्स लागत नाही. घेताना नावात ‘आयएस’ (कॅनन) किंवा ‘व्हीआर’ (निकॉन) ही अक्षरं आहेत का ते बघा. दोन्ही कंपन्यांनी याच आकड्यांच्या, हात हलला तर सावरून न घेणाऱ्या लेन्सही विकल्या आहेत, आणि स्वस्त जाहिरातीत बऱ्याचदा त्याच असतात.

कॉम्बोमधली दुसरी, ५५-२५० किंवा ७०-३००, पक्ष्यांची किंवा मैदानावरच्या खेळांची आवड असेल तरच घ्या. भिगवणला होडीतून रोहित पक्षी टिपायला ती कामाची. घरातल्या बारशाला ती पिशवीतून बाहेरही निघत नाही.

मग दुसरी लेन्स कोणती?

एफ/१.८ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. किट लेन्स ५५ एमएमवर नेली की तिचं तोंड एफ/५.६ एवढंच उघडतं. एफ/१.८ त्याच्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. ट्यूबलाइटच्या उजेडातल्या हॉलमध्ये हा फरक म्हणजे हललेला फोटो आणि ठेवण्याजोगा फोटो यांतला फरक.

कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम सगळे घेतात, आणि माणसांच्या फोटोंसाठी बरोबरच घेतात. पण या छोट्या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी दिसते. वन बीएचकेमध्ये पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये दोनच माणसं मावतात. घरातलेच फोटो जास्त असतील तर निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स आणि कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघावी.

मेगापिक्सेल किती हवेत?

१८ असोत की २४, ए३ आकाराच्या प्रिंटला दोन्ही पुरतात. पुढचा प्रश्न.

यूट्यूबसाठी व्हिडिओही करायचेत.

१५००डी आणि डी३५०० यांना माइकची जागाच नाही. पैठणच्या घाटावर उभं राहून बोललात तर तुमच्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येईल. २००डी मार्क २ किंवा निकॉन डी५६०० बघा, दोघांत माइकची जागा आणि फिरणारी स्क्रीन आहे. २००डी मार्क २चं ‘फोर-के’ बघून हुरळू नका. त्यात फ्रेम कापली जाते आणि त्याचा जलद फोकसही चालत नाही, फुल एचडीवरच काम करा. मुख्य काम व्हिडिओच असेल तर डीएसएलआर विसरा आणि साधा मिररलेस घ्या, कॅनन आर५० किंवा निकॉन झेड३०.

ऑनलाइन सेल की दुकान?

आधी एक गोष्ट: ‘एमआरपीवर २५ टक्के सूट’ याला काडीचा अर्थ नाही. कॅमेरा एमआरपीला कुणीच विकत नाही. दुकानदारांत ‘एमओपी’ नावाचा एक भाव चालतो, तोच बाजारातला खरा भाव. तीन दुकानांत फोन करा, एखादी वेबसाइट बघा, तो भाव दहा मिनिटांत कळतो. सूट मोजायची ती त्याच्यापासून.

नवरात्र-दिवाळीच्या आधीचे मोठे ऑनलाइन सेल आणि २६ जानेवारीच्या आसपासचे सेल यांत किंमत खरोखर उतरते. त्यातला मोठा वाटा ठरावीक बँकेच्या कार्डावरच्या सवलतीचा असतो आणि तिला कमाल मर्यादा असते. ‘१० टक्के’ या शब्दांपुढची बारीक अक्षरं वाचा. विक्रेत्याचं नावही बघा. वेबसाइट मोठी असली तरी माल विकणारा कुणी तिसराच असू शकतो.

दुकानाचा फायदा असा की कॅमेरा हातात घेता येतो. मुंबईत सीएसएमटीसमोर फोर्टात बोरा बाजारच्या भागात कॅमेऱ्याची दुकानं एकाला लागून एक आहेत. तिथे पहिल्याच दुकानात पैसे काढायचे नाहीत. ‘फायनल किती?’ हा प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारून चहा प्यायला बाहेर पडायचं. परत गेल्यावर भाव हजार-पाचशेने खाली आलेला असतो. ऑनलाइनचा भाव फोनवर दाखवलात तर काही जण तो देतात, काही जण ‘मग तिथूनच घ्या’ म्हणतात. दोन्हींत वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

शिकण्यासाठी घेत असाल तर मुहूर्ताची वाट बघत सहा महिने घालवू नका. सेलमध्ये वाचतात तेवढे पैसे वापरलेल्या लेन्सवर एका दिवसात वाचवता येतात.

‘साहेब, विदाऊट बिल घेतलात तर तीन हजार कमी करतो.’ घेऊ का?

नको. २०१९च्या जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे (त्याआधी २८ होता), आणि दुकानदार वाचवतोय तो मुख्यतः हाच कर. तुम्हाला मिळतात तीन हजार, आणि हातातून जाते कंपनीची वॉरंटी. शिवाय तो ‘इम्पोर्टेड पीस’ असण्याची शक्यता वाढते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न येतो बिलाचा. कॅमेरा चोरीला गेला तर पोलीस ठाण्यात तक्रार देताना आणि उद्या विकायला काढलात तर गिऱ्हाइकाला दाखवतानाही तोच कागद लागतो. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो कॅमेऱ्याच्या तळाशी आहे तोच आहे ना, हे दुकानातच बघा.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आणि जीएसटी नोंदणी असलेल्यांनी बिल स्वतःच्या जीएसटी नंबरवर घ्यावं. भरलेल्या कराचं क्रेडिट मिळालं की विदाऊट बिलचा भावही महाग वाटतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’ खरंच फुकट असतो का?

जवळपास, पूर्ण नाही. व्याजाएवढी रक्कम आधी किमतीतून सूट म्हणून वजा करतात आणि मग बँक व्याज लावते. त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी असतो, वर प्रोसेसिंग फी. त्याहून महत्त्वाचं, एकरकमी दिले असते तर मिळणारी सूट ईएमआयवर मिळते का, ते विचारा.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याच्याकडून मागवू?

तिकडे हेच कॅमेरे वेगळ्या नावाने मिळतात: आपला १५००डी तिथे रिबेल टी७, २००डी मार्क २ म्हणजे एसएल३. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिनचा अ‍ॅडाप्टर लागतो. अडचण वॉरंटीची आहे, तिकडची इथे चालेल असं गृहीत धरू नका. येताना कस्टमची सवलतीची मर्यादा ओलांडली तर ड्युटीही भरावी लागते. माझा सल्ला: बॉडी इथून बिलावर घ्या, भावाला लेन्स आणायला सांगा. छोट्या प्राइम लेन्समध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं.

सेकंडहँड कॅमेरा तपासायचा कसा?

याला अर्धा तास द्या आणि दिवसाउजेडी भेटा. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च.

सुरुवात लेन्सपासून. कॅप काढा, लेन्स बॉडीवरून उतरवा, मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण दिसतीलच, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, किंवा काचेच्या कडेकडून आत येणारी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. विकणारा म्हणेल, ‘सर्व्हिसला दिली की निघते.’ कधी निघते, कधी काचेचं कोटिंग खाऊन बसलेली असते. अशी लेन्स सोडून द्या.

मग सेन्सर. अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, फोकस मुद्दाम बिघडवा. काळपट ठिपके दिसतील ती धूळ, साफ होते. आता लेन्सवर कॅप लावून काही सेकंदांचा फोटो घ्या, लाल-निळे टिंब चमकत असतील तर ते बिघडलेले ‘हॉट’ पिक्सेल. एक-दोन चालतील.

नंतर बाकीची झडती: प्रत्येक बटण, दोन्ही टोकांना झूम, ऑटोफोकस जवळ आणि दूर, बॉडीवरचा फ्लॅश वर येतो का, कार्डाच्या खाचेत पिन वाकलेल्या नाहीत ना, बॅटरी फुगून आत घट्ट बसली नाही ना. तळाला ट्रायपॉडच्या स्क्रूची जागा बघा. ती चांगलीच घासलेली असेल आणि विकणारा ‘घरीच वापरलाय’ म्हणत असेल, तर कॅमेऱ्याने बरीच लग्नं बघितली आहेत.

शटर काउंट किती असलेला घ्यावा?

शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याचे आतापर्यंत किती क्लिक झाले तो आकडा. शटर हा यांत्रिक भाग, झिजतो. कॅननने ७०डीसाठी १,००,००० आणि निकॉनने डी७२००साठी १,५०,००० क्लिकची चाचणी केल्याचं सांगितलं आहे. त्या आकड्याला शटर बंद पडतं असं नाही, पण भाव ठरवायला तो उपयोगी. स्वस्त बॉडीत पन्नास हजारांच्या आत असेल तर मी निश्चिंत. निकॉनचा आकडा कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या जेपीजी फोटोच्या माहितीतच मिळतो, कुठल्याही एक्झिफ, म्हणजे ही माहिती, वाचणाऱ्या साइटवर फोटो टाका. कॅनन तो फोटोत लिहीत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. लॅपटॉप जोडू द्यायला विकणारा नकार देत असेल तर नमस्कार करून निघा.

ऑनलाइन जाहिरातीत फार स्वस्त मिळतोय, विकणारा सैन्यात आहे म्हणतो.

बदली झाली आहे, सामान नेता येत नाही, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, कॅमेरा पार्सलने येईल, आधी थोडे पैसे टाका. ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली गेली आहे की तिचं पाठांतर झालं असावं. समोरासमोर भेटून, कॅमेरा तपासून, मगच पैसे. आणि तुम्हीच कॅमेरा विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०वर फोन करा. दुकानदार किंवा वेबसाइट वॉरंटीवरून, परताव्यावरून टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कॅमेऱ्याशिवाय आणखी किती खर्च धरू?

चांगलं मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी, एअर ब्लोअर, बॅग. फुकट मिळणारी बॅग आणि १६ जीबीचं कार्ड बघून सौदा ठरवू नका. त्याऐवजी ‘बॅग ठेवा, तेवढे पैसे कमी करा’ म्हणा, बहुतेक वेळा करतात. मेमरी कार्डात नकली माल फार. रस्त्यावरून घेऊ नका, आणि घेतल्यावर एकदा पूर्ण भरून फोटो परत उघडतात का बघा. यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच) गळ्यात मारतील, तो नको. तकलादू ट्रायपॉड तर मुळीच नको, वाऱ्यात कॅमेऱ्यासकट आडवा होतो.

पावसाळ्यात कॅमेरा कुठे ठेवू?

कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत तर नक्कीच नाही. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येतं. एसीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते. बॅगेतच वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या.

नवा कॅमेरा घरी आला. आधी काय करू?

ऑनलाइन घेतला असेल तर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबर दिसेल असा. परत करायची मुदत बऱ्याचदा आठवड्याचीच असते, म्हणून वर सेकंडहँडसाठी सांगितलेल्या चाचण्या याच आठवड्यात करून टाका, नव्यातही खराब पीस निघतात. कंपनीच्या साइटवर वॉरंटीची नोंदणी करा. बिलाचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.